कुमुदताईंचं सातवं कलम

कुमुद टिपणीस यांनी सही करायला नकार दिला, तेव्हा आमच्यातल्या चौघांनी पेनं उघडलेली होती. त्यातलं एक माझं होतं, म्हणून ही हकिगत मला नीट माहीत आहे.

साल त्र्याण्णव. पनवेलात आम्ही पाच जण विमा एजंट म्हणून एकमेकांना ओळखून होतो आणि जमेल तेवढं टाळूनही होतो. प्रत्येकाचं ऑफिस म्हणजे त्याची खांद्यावरची पिशवी. पॉलिसी आयुर्विमा महामंडळाची, पण गिऱ्हाईक ज्याचं त्याचं. कुमुदताई आमच्यात सगळ्यात जुन्या. लाइन आळीत राहायच्या. यजमान रसायनीच्या कंपनीत, दोन मुली शाळेत. चौदा वर्षं त्या सुकापूरपासून गव्हाणपर्यंत पायी आणि एसटीनं फिरत होत्या. प्रत्येक घराचं त्यांनी एक जाड कार्ड केलेलं. पुढच्या बाजूला नाव, पत्ता, हप्त्याची तारीख. मागच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक अक्षरात बाकीचं: ‘सासऱ्यांसमोर बोलू नये.’ ‘मुलगा गेल्यापासून विषय काढू नये.’

त्या वर्षी सत्यजीत कर्णिक मुंबईहून परत आला. वय बत्तीस, हुशार, बोलायला गोड. टपाल नाक्याजवळ पहिल्या मजल्यावर त्यानं जागा घेतली, त्यात टेलिफोन, टाइपरायटर आणि एक टायपिस्ट. आम्ही पाचही जणांनी तिथं बसायचं, खर्चाचा वाटा द्यायचा, आणि बाकी कागदोपत्री काम त्याची एजन्सी बघेल, अशी योजना होती. पनवेलात तेव्हा फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. आम्हाला ती जागा म्हणजे स्वर्ग वाटली. दोन महिने नुसतं करून बघू, करार नंतर, असं ठरलं. सगळ्यांनी आपापली कार्डं पत्ते उतरवून घ्यायला दिली. कुमुदताईंनीही दिली, जरा अडखळत.

दिवाळीनंतर कराराचा मसुदा आला. मुंबईच्या वकिलानं केलेला, इंग्रजीत, नऊ पानी. रविवारी सह्या करायच्या होत्या. शुक्रवारी दुपारी मी कुमुदताईंकडे गेलो, कारण माझं इंग्रजी यथातथाच. त्या डिक्शनरी घेऊन बसल्या होत्या.

“सुशांत, सातवं कलम वाचलंस?”

मी वाचलं नव्हतं.

“कार्डं एजन्सीच्या मालकीची होणार. आणि सोडून गेलास तर तीन वर्षं त्यातल्या एकाही घरी जायचं नाही.”

“असं कोण सोडतंय ताई,” मी म्हटलं.

तेवढ्यात दाराशी चपला वाजल्या. तिशीचा एक दणकट माणूस आत आला आणि त्यानं टेबलावर पोस्टकार्ड टाकलं. छापील होतं. सोनाबाईंचा सहामाही हप्ता या महिन्यात भरायचा आहे, खाली आमच्या नव्या एजन्सीचं नाव आणि एजंट म्हणून कुमुदताईंचा नाव-पत्ता. सत्यजीतनं सगळ्या गिऱ्हाइकांना अशी आठवण पाठवायला सुरुवात केली होती.

हा सोनाबाईंचा मुलगा, गव्हाणचा काळूराम. सोनाबाई उरण नाक्यावर कोलंबी, निवट्या अशी खाडीची मासळी विकायच्या.

“आयशीचा इमा काढलाव तुमी, आनी घरान कोनाला पत्त्या नाय. चार वरसं,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच भीती वाटत होती. “पैशे कोनाला भेटनार, जनीला ना? आता तिलाच इचारतो.”

तो गेला. कुमुदताईंनी उठून कपाटातल्या, उतरवून परत आलेल्या कार्डांतून सोनाबाईंचं कार्ड काढलं आणि उलटं करून माझ्यासमोर ठेवलं. मागे लिहिलं होतं: ‘घरी पत्र पाठवू नये. बाजारातच भेटणे.’ टायपिस्टनं फक्त पुढची बाजू उतरवली होती.

“जनी तिची मुलगी. नवऱ्यानं टाकलेली, लेकराला घेऊन भावाच्या घरात राहते,” त्या पिशवी उचलत म्हणाल्या. “सुशांत, स्कूटर काढ.”

गव्हाणला पोचलो तोवर चार वाजले होते. अंगणात जनीची पत्र्याची ट्रंक उघडी पडली होती, त्यातली दोन लुगडी मातीत. जनी भिंतीला टेकून उभी होती, कडेवर मूल. शेजारणी कुंपणापर्यंत आल्या होत्या, पुढं मात्र कोणी येत नव्हतं. सोनाबाई बाजारातून नुकत्याच परतल्या असाव्यात. पायरीवर बसल्या होत्या, रिकामी पाटी शेजारी.

काळूराम दारात आडवा आला. “तुमी परत जा.”

“जाते. आईशी बोलून जाते,” कुमुदताई म्हणाल्या.

सोनाबाईंनी मान वर केली. “ताई, तुमी म्हनलेलाव, घरी कागद येनार नाय.”

मला वाटलं, आता त्या टायपिस्टचं नाव घेतील, सत्यजीतचं घेतील. माझ्या तर ओठांवर आलं होतं.

“म्हटलं होतं,” कुमुदताई म्हणाल्या. “तुमचं कार्ड मी दुसऱ्याच्या हातात दिलं. चूक माझी.”

“नाव कोनाचं लावलंय त्या इम्याला?” काळूरामनं मध्येच विचारलं.

“ते मी सांगणार नाही.”

“मी तिचा पोरगा हाय.”

“असाल. तरी नाही सांगणार.”

तो एक पाऊल पुढं आला. मी स्कूटरच्या हँडलवरचा हात काढला, पण काय करणार होतो कोण जाणे. कुमुदताई हलल्या नाहीत. पिशवी त्यांनी छातीशी धरली होती.

सोनाबाई पायरीवरून उठल्या.

“मी सांगते. जनीचं लावलाय. पाटी मी उचलते, बाजारान मी बसते. सरकारनी घेतलेले जमिनीचं पैशे तुला भेटलं, तवा मी इचारलं का काय केलंस?”

काळूराम ट्रंकेला लाथ घालून खाडीच्या बाजूला निघून गेला. सोनाबाईंनी लुगडी झटकली, ट्रंकेत भरली आणि ट्रंक स्वतः उचलून आत नेली. जनीला त्या एवढंच म्हणाल्या, “चल, पोराला खायला दे.”

मग दारातून कुमुदताईंना म्हणाल्या, “आता माजे घरी येव नका. बाजारान पन नको.”



रविवारी ऑफिसात पाचही जण जमलो. मसुद्याच्या प्रती टेबलावर होत्या. कुमुदताईंनी आपली प्रत सत्यजीतकडे सरकवली.

“सातवं कलम असेल तर मी सही करणार नाही. आणि माझ्या कार्डांवरून उतरवलेली यादी आज परत नेणार.”

शुक्रवारचा प्रकार त्यांनी थोडक्यात सांगितला. सत्यजीतचा चेहरा उतरला. पण तोही हट्टाला पेटला होता.

“वाईट झालं. पोस्टकार्डं बंद करतो. पण ताई, डिपॉझिट मी भरलंय. फोन माझ्या नावावर. उद्या तुम्ही पाचही उठून गेलात तर माझ्या हातात काय राहतं?”

माझं पेन उघडंच होतं. खरं सांगायचं तर मला फोन हवा होता, आणि ताईंचा रागही येत होता.

माझ्या शेजारी जमाल मुकादम होते. त्यांची बहुतेक गिऱ्हाइकं आखातात, त्यामुळे फोनची सगळ्यात जास्त निकड त्यांनाच. ते शांतपणे म्हणाले, “नव्वद साली कुवेतहून लोक नेसत्या कपड्यांनिशी परतले. कोणाचं काय बुडालं, कोणी बायकोलाही सांगितलं नाही, ते माझ्या कार्डांवर आहे. ती लोकांची अमानत आहे, सत्यजीत. मी कोणाच्या नावे कशी करू?” आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“मग बंदच करू या ऑफिस,” सत्यजीत उठला.

“बसा,” कुमुदताई म्हणाल्या. “तुमची धास्ती खोटी नाही. भाड्याची काळजी आहे तर भाड्यापुरतं बांधून घ्या. तीन वर्षं कोणी सोडायचं नाही, सोडलं तर सहा महिन्यांचा वाटा भरून जायचं. हे मी लिहून देते. पण कार्ड ज्याचं त्याच्या ताब्यात, आणि एजंटाच्या सहीशिवाय कोणत्याही घरी पत्र जाणार नाही.”

तिथंच बसून त्यांनी ते मराठीत लिहिलं, पाठकोऱ्या कागदावर, दोन पानं. कार्डांचं कलम त्यांनी सातव्या क्रमांकालाच ठेवलं. सत्यजीतनं वाचलं, खिशात घातलं, आणि खाली उतरून गेला.

सोमवार, मंगळवार ऑफिसला कुलूप होतं. बाकीचे दोघे एजंट मला रस्त्यात गाठून म्हणाले, तुझ्या ताईंनी चालतं दुकान मोडलं. मी ताईंची बाजू घेतली नाही. ते अजून मनात आहे.

बुधवारी सत्यजीत स्वतः लाइन आळीत ताईंकडे गेला. त्यांचीच दोन पानं स्टँपपेपरवर टाइप करून आणली होती. सातव्या कलमात त्यानं एका वाक्याची भर घातली होती: ज्या घरी पत्र नको, त्या कार्डाच्या पुढच्या बाजूला तसं ठळक लिहिणं एजंटावर बंधनकारक.

कुमुदताईंनी ते दोनदा वाचलं. “बरोबर आहे. मी ते मागे लिहायला नको होतं,” म्हणाल्या, आणि सही केली. संध्याकाळपर्यंत आमच्याही सह्या झाल्या.

सोनाबाई पुन्हा त्यांच्याशी बोलल्या नाहीत. हप्ता मात्र चुकला नाही. दर सहा महिन्यांनी मायलेकी स्वतः महामंडळाच्या शाखेत येऊन रांगेत उभ्या राहायच्या. काळूराम घरात गप्प झाला, एवढंच आमच्या कानावर आलं. एकदा ताई आणि मी शाखेत असताना त्या दोघी आल्या. जनीनं पावती स्वतः वाचून घेतली, बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत. ताई मागच्या जिन्यानं खाली उतरल्या आणि मायलेकी जाईपर्यंत रस्त्यापलीकडे उन्हात थांबून राहिल्या.

तो करार आम्ही एकदा वाढवला. शहाण्णवला आमच्यातला एक जण सोडून गेला, आपली दोनशे दहा कार्डं मोजून घेऊन, आणि त्याचं सत्यजीतशी शेवटपर्यंत चहापाणी राहिलं. नव्व्याण्णवला सत्यजीत पुण्याला गेला, तेव्हा जागा आणि फोन त्यानं कुमुदताईंच्या नावावर करून दिला. नव्या एजंटांशी करार करताना त्या सातवं कलम आधी मोठ्यानं वाचून दाखवायच्या, आणि मगच पहिल्या कलमाकडे वळायच्या.