मावशींची जाड टायरची सायकल

मार्चमध्ये बर्फ वितळतो, पण त्यातले किस्से काही वितळत नाहीत यार! जर्सी सिटीतल्या आमच्या ग्रुपकडे तर ढीग साचलाय. ग्रुप म्हणजे तिघंच: नागपूरची मी, पुण्याचा मंदार आणि रिटायर झालेल्या अंजूमावशी. हिवाळ्यात शनिवारी सकाळी आम्ही डोंगरात ड्राइव्ह करून जातो आणि बर्फातल्या ट्रेलवर सायकल चालवतो. लोक वेडे म्हणतात. म्हणू देत!

*

पहिल्यांदा सायकली रेंट करायला गेलो, तेव्हा दुकानदार मावशींच्या पांढऱ्या केसांकडे बघत अदबीने म्हणाला, "मॅडम, बर्फात चालायचे खास बूटही आहेत आमच्याकडे."

"चालून झालंय आयुष्यभर," मावशी म्हणाल्या. "सायकल काढा!"

*

बर्फात या जाड टायरमध्ये हवा कमीच ठेवायची, म्हणजे पकड मिळते. पण मंदारला कोण सांगणार? "मी शाळेपासून सायकल चालवतोय," म्हणत त्याने टायर टणक फुगवले आणि पहिल्याच वळणावर थेट झुडपात!

मावशींनी ब्रेक मारला. "मंदार, हवा कमी कर रे. टायरमधलीसुद्धा."

*

संक्रांतीच्या कार्यक्रमात एका काकूंनी मावशींना सगळ्यांसमोर गाठलं. "या वयात हे काय हो? पडलात, हाड मोडलं म्हणजे?"

"मोडलं ना मागच्या वर्षी. बाथरूममध्ये!" मावशी तिळाचा लाडू फोडत म्हणाल्या. "म्हणून आंघोळ सोडू?"

*

मावशींची मुलगी रिया मात्र ते हाड मोडल्यापासून खरंच घाबरली होती. काका गेल्यापासून मावशी एकट्याच राहतात. फेब्रुवारीत रिया त्यांना कायमचं टेक्सासला, प्लेनोतल्या आपल्या घरी न्यायला आली. मावशी म्हणाल्या, "आधी ट्रेलवर चल, मग बोलू."

रिया उताराच्या पायथ्याशी उभी राहिली. वरून मावशी झोकात आल्या, मागचं चाक घसरलं आणि तिच्या डोळ्यांदेखत धाडकन आडव्या!

रिया दाबलेल्या बर्फाच्या अरुंद ट्रॅकवरून रडत धावली. "आई, डोन्ट मूव्ह! दॅट्स इट, यू आर कमिंग विथ मी!"

मावशी उठून बसल्या. तोंडातला बर्फ थुंकला.

"रिया, आधी ट्रॅकवरून बाजूला हो. तुझ्या बुटांनी खड्डे पडतायत!"

रिया मुकाट्याने बाजूला झाली, गुडघाभर बर्फात. मावशींनी सायकल उभी केली आणि पुन्हा चढाकडे वळवली.