कौतिकच्या जागी उषा

सुरतच्या बाजारात साडी विकायला काढायची म्हणजे आधी तिचं बारसं करावं लागतं. नुसती निळी, काठाची म्हणून तिला कुणी विचारत नाही. एका छापाच्या सात-आठ रंगांच्या साड्या, त्या सगळ्यांना मिळून एक नाव, आणि ते नाव मग खोक्यावर, लेबलावर, भावाच्या कागदावर, मोबाईलवर जाणाऱ्या फोटोवर. नाव बाईचंच लागतं. दगडू नावाची साडी कोण नेसणार?

नवागामच्या उषाबाईंचा नातू भूपेंद्र अशाच एका साडीवाल्या सेठकडे कम्प्युटरवर बसतो. सेठला नवं नाव हवं असलं की तो भूपेंद्रच्या तोंडाकडे बघायचा, आणि भूपेंद्र घरी येऊन आजीच्या. उषाबाईंनी शाळा पाहिली ती दोन पावसाळे. तेवढ्यात स्वतःचं नाव लिहिता यायला लागलं, आणि एक म्हैस व्याली म्हणून त्यांना घरी बोलावून घेतलं, ते कायमचंच. पण बायकांची नावं मात्र त्यांच्याकडे पोतंभर होती, आणि प्रत्येक नावाला एकेक बाई चिकटलेली.

साडीचा तुकडा हातात घेऊन त्या काठ चिमटीत धरत, पदर गालाला लावून बघत आणि मग निकाल देत. दिसायला भारी पण अंगाला टोचणारी एक आली, तिचं नाव त्यांनी द्वारका ठेवलं. द्वारका ही त्यांची थोरली जाऊ. दुसरी एक कितीही घडी घाला, सुटायचीच. तिची झाली केसर. केसर ही मावसबहीण, तिचा कुठल्याच घरी जम बसला नव्हता. सेठला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो म्हणायचा, भूपेंद्र, तेरी दादी का दिमाग बहुत चलता है.

मग एकदा एक साडी आली. हलकी, लोण्यासारखी, गुलाबी अंगावर बारीक कैऱ्या. उषाबाईंनी ती बराच वेळ मांडीवर ठेवली आणि जराशा लाजूनच म्हणाल्या, हिला कौतिक म्हणा.

कौतिकबाई म्हणजे शेजारीण. दोघी अमळनेरकडच्या, एकाच सालात लग्न होऊन सुरतेत आलेल्या. दोघींचे नवरे, उषाबाईंचे पंडित आणि कौतिकबाईंचे किसननाना, पांडेसऱ्याच्या एकाच रंगाईच्या मिलमध्ये राबले. दोन घरांमध्ये मागच्या अंगाला एक भिंत आहे, छातीइतकी. त्या भिंतीवरून आजवर किती वाट्या इकडच्या तिकडे गेल्या असतील ते देवी कानबाईच जाणे. आजवर उषाबाईंनी नावं ठेवली ती जुने राग काढायला. जीव लावून ठेवलेलं नाव हे पहिलंच.

कौतिकबाईंना एक साडी भेट गेली. त्यांनी खोक्यावरचं लेबल सोडवून देव्हाऱ्याच्या दारावर चिकटवलं. आल्यागेल्याला दाखवलं, भाजीवाल्याला दाखवलं, लेकीला फोनवर वाचून दाखवलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना त्या आधी देवापुढे नेत आणि मग देवाआधी लेबल दाखवत.

महिन्याभरात बाहेरगावच्या व्यापाऱ्यांचे निरोप सुरू झाले. कौतिकचा रंग जातो. एका धुण्यात कौतिक फिकी पडते आणि बादलीतले बाकीचे कपडे रंगतात. कौतिक परत पाठवतोय. मिलमध्ये शेवटची धुलाई नीट झाली नव्हती, एवढीच गोष्ट, पण सेठनं ती धुलाईच्या वाटेनं सोडवली नाही. भूपेंद्रला बोलावून सांगितलं, माल वही रहेगा, नाम बदल दो.

“रंग धुवायचा सोडून नाव धुतात,” उषाबाई म्हणाल्या.

त्यांचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीनं टांगणीला लागला होता. बाजारातून कौतिक हे नाव उठलं की कौतिकबाई विचारणार, का उठलं. मग सांगावं लागणार की तुझ्या नावाची साडी खोटी निघाली, गावोगावचे दुकानदार तुला परत धाडताहेत. हे त्या बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं? रात्रीची भाकरी थापता थापता त्यांना युक्ती सुचली. भूपेंद्रला म्हणाल्या, तिच्या जागी माझं नाव लाव. तिनं विचारलं तर सांगेन, मलाही हौस आली, हट्ट केला. म्हातारी नावाला हपापली असं म्हणेल, फार तर चार दिवस हसेल. पण रंगाचं तिच्या कानावर जाणार नाही.

भूपेंद्रला काम सोपं वाटलं. नाव शेदोनशे फाईलींमध्ये होतं, पण एकेक उघडून बदलत बसायला तो काही जुन्या काळातला कारकून नव्हता. त्यानं आजीला समजावून सांगितलं. कम्प्युटरवर एक काळी चौकट उघडायची. तिच्यात हुकूम लिहायचा, त्याला स्क्रिप्ट म्हणतात. या फोल्डरात जा, त्याच्या आत जेवढे फोल्डर असतील त्या सगळ्यांत जा, एकेक फाईल उघड, जिथं कौतिक दिसेल तिथं उषा लिही, फाईल बंद कर, पुढच्या फाईलीत जा. तू कणकेत मीठ घालशील तेवढ्यात सगळं होतं.

उषाबाईंनी विचार केला आणि विचारलं, “आणि ते विचारत नाही का, कोणती कौतिक म्हणून?”

भूपेंद्र हसला. “आजी, मशीन आहे ते. त्याला कोणती काय अन् कुठली काय.”

शिकलेल्या माणसाला दुसऱ्यांदा विचारू नये असं उषाबाईंना लहानपणीच शिकवलं होतं. ते चुकीचं शिकवलं होतं.

आता इथं गल्लीची एक गोष्ट सांगायला हवी. खानदेशातली माणसं सुरतेला आली तशी आपली कानबाईही घेऊन आली. श्रावणात नारळाची कानबाई बसते, तिला नथ, दागिने घालतात, रात्रभर गाणी होतात, रोटाचा नैवेद्य होतो आणि सोमवारी तापीवर बोळवण. उषाबाईंच्या गल्लीत सगळ्यांची मिळून एक कानबाई आहे आणि ती दर साली एका घरी बसते. कौतिकबाईंची पाळी दोनदा येऊन हुकली होती. एकदा दीर गेला आणि सुतक पडलं. दुसऱ्यांदा कोरोनात सगळं बंद. यंदा तिसऱ्यांदा आली होती. घराला रंग झाला होता, नथ उजळून आणली होती, किसननानांना नवा सदरा घेतला होता आणि तो कुठं डाग पडेल म्हणून घालू देत नव्हत्या.

कानबाईची पत्रिका, दारावरचा फलक, कुणी काय करायचं त्याचे कागद, हे सगळं भूपेंद्रच बनवायचा. घरी कम्प्युटर नाही, म्हणून सेठच्याच कम्प्युटरवर, साड्यांच्या लेबलांच्या फोल्डरात एक छोटा फोल्डर करून त्यानं ते ठेवलं होतं.

स्क्रिप्ट गुणी निघाली. सांगितलं तसं सगळ्यांच्या आत गेली.

दुसऱ्या दिवशी पत्रिका छापून आल्या आणि गल्लीच्या मोबाईल ग्रुपवरही पडल्या. यंदाची कानबाई उषाबाईंच्या घरी. रोट तर आधीपासूनच उषाबाईंच्या हातचे. गाणी उषाबाई म्हणणार, आरती उषाबाई करणार, आलेल्यांचं स्वागत उषाबाई करणार. आता कानबाई म्हणून पाटावरही उषाबाईच बसायच्या राहिल्या होत्या. कौतिकबाईंचं नाव दुर्बीण लावूनही सापडत नव्हतं.

त्या दुपारी भिंतीवर एक वाटी ठेवलेली दिसली. उषाबाईंचीच वाटी, आदल्या दिवशी वांग्याच्या भरतासकट गेलेली. आता ती घासून पुसून, लखलखीत आणि रिकामी परत आली होती. एवढ्या वर्षांत त्या भिंतीवरून रिकामी वाटी कधी आली नव्हती. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी असायची. उषाबाईंना वाचायला फारसं येत नसलं तरी ती वाटी त्यांनी बरोबर वाचली.

साडीचं नाव बदलल्याचंही तोवर कौतिकबाईंच्या कानावर गेलं असावं, कारण मग भिंतीपलीकडून त्या भाजीवाल्याला सांगताना ऐकू आल्या. मुद्दाम ऐकू येईल इतक्या आवाजात. “आते काय भाऊ, साडीबी त्यासनी, कानबाईबी त्यासनी.”

उषाबाई ओट्यावर बसून राहिल्या. पत्रिका चुकून झाली म्हणून सांगावं, तर कशानं चुकली हे सांगावं लागणार. साड्यांचं नाव बदलताना झालं म्हणावं, तर नाव का बदललं हे सांगावं लागणार, आणि हौसेचा बहाणा करावा तर कानबाईही हौसेनंच लाटली असं होणार. कुठूनही निघालं तरी गाडी त्या रंगापाशीच येऊन उभी राहत होती. कौतिक वाचवायला गेल्या आणि कौतिकच्याच तोंडचा घास काढून घेऊन बसल्या. न सांगावं तर मैत्रीण जाते, सांगावं तर मैत्रिणीचं तोंड उतरतं.

भूपेंद्र घाबरला होता, पण त्याचा मशीनवरचा विश्वास अजून शाबूत होता. आजीला म्हणाला, काळजी करू नकोस, जसं केलं तसंच उलटं करतो. उषाच्या जागी कौतिक. तो गेला आणि काळ्या चौकटीत उलटा हुकूम लिहून आला.

संध्याकाळी ग्रुपवर नवी पत्रिका पडली. कानबाई कौतिकबाईंच्या घरी. छान. रोट कौतिकबाईंच्या हातचे. गाणी कौतिकबाईंची. चौकशी कोणाकडे करायची तर कौतिकबाईंकडे, आणि पुढं कंसात: भूपेंद्रची आजी. नव्या छापील पत्रिकांचा गठ्ठाही तसाच आला. गल्लीतली पोरं भूपेंद्रला विचारायला लागली, या वयात आजीचं नाव बदललंस का रे? तिकडे गोदामात साड्यांच्या लेबलांवरही पुन्हा कौतिक उमटलं होतं आणि सेठ फोनवर ओरडत होता.

भूपेंद्र कपाळाला हात लावून बसला. यातल्या मूळच्या उषा कोणत्या आणि बदलून झालेल्या कोणत्या, हे आता मशीनलाही सांगता येत नव्हतं, आणि आधीची एक नक्कल त्यानं ठेवली नव्हती.

उषाबाई म्हणाल्या, “तू तिचं पीठ आणि माझं पीठ एका परातीत ओतलंस. आता चाळणी फिरवून काय उपयोग? ओतायच्या आधी बाजूला काढून ठेवायचं असतं.”

मग त्या उठल्या. परत आलेल्या त्याच वाटीत त्यांनी रव्याचा लाडू ठेवला, वरून ताटली झाकली, आणि भिंतीवरून न देता पुढच्या दारानं कौतिकबाईंच्या घरी गेल्या. पुढच्या दारानं जायचं म्हणजे पाहुणीसारखं जायचं. कौतिकबाईंनी त्यांना बस म्हटलं नाही, पण पाट मात्र पायानं पुढं सरकवला.

उषाबाईंनी सगळं सांगितलं. साडीचा रंग, परत आलेला माल, सेठचं म्हणणं, आपला हट्टाचा बहाणा, भूपेंद्रचा हुकूम. सांगताना त्या देव्हाऱ्यावरच्या लेबलाकडे बघत होत्या, कौतिकबाईंकडे बघवत नव्हतं.

कौतिकबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून आतल्या दोरीवरून एक कपडा काढून आणला आणि उषाबाईंच्या मांडीवर टाकला. किसननानांचं बनियन होतं. वासरं हुंदडतात त्या संध्याकाळच्या आभाळासारखं गुलाबी.

“रंग जास ते माले पहिल्याच दिनले समजनं व्हतं,” त्या म्हणाल्या. “यास्ना दोन बनियन, मनी चादर, सगळं गुलाबी. देवना वस्तरबी वाचनं नही.”

“मग बोलली का नाहीस वं माय?”

“तू नाव ठेवं व्हतं. तुनं नाव खाले पडतं.”

दोघी थोडा वेळ त्या बनियनकडे बघत बसल्या. आधी कोण हसलं हे भिंतीलाच माहीत. किसननाना बाहेरून आले तेव्हा दोघी तोंडाला पदर लावून हलत होत्या आणि मध्ये त्यांचं बनियन पडलेलं होतं. ते काही न विचारता परत बाहेर गेले.

हसून झाल्यावर कौतिकबाईंनी कारभार हातात घेतला. साडीला उषाच म्हणायचं, त्यांनी ठरवलं, म्हणजे फिट्टंफाट. पण लेबलावर नावाखाली एक ओळ हवी, पहिल्या वेळी वेगळी धुवा. उगाच कुणाच्या नवऱ्याचं बनियन का जावं? सेठ आधी कुरकुरला. मग म्हणाला, ठीक आहे, तसं तर सगळेच लिहितात. या खेपेला भूपेंद्रनं आधी सगळ्या फाईलींची नक्कल काढून बाजूला ठेवली, कानबाईचा फोल्डर उचलून भलतीकडे नेला, आजीला फोन करून विचारलं, कोणती कौतिक बदलू, आणि मगच काळी चौकट उघडली.

छापून आलेल्या पत्रिकांचं काय करायचं हा प्रश्न राहिला. पुन्हा छापायला वेळ नव्हता. यजमान कौतिकबाई हे बरोबर होतं, फक्त खाली रोटाला आणि चौकशीला उषाबाईंचं नाव करायला हवं होतं. भूपेंद्र म्हणाला, हातानं करावं लागेल. उषाबाई म्हणाल्या, त्यात काय, एवढं एकच तर मला लिहिता येतं.

कौतिकबाईंच्या ओट्यावर गठ्ठा ठेवून त्या बसल्या. चष्मा नाकावर, पेन मुठीत लाटण्यासारखं. खालचं कौतिक खोडायचं, वर उषा लिहायचं. कौतिकबाई एकेक पत्रिका पुढं सरकवत होत्या आणि शाई वाळायला फुंकर मारत होत्या. पहिल्या पत्रिकांवरचं उषा पाटीवरच्यासारखं वेडंवाकडं आलं. मग हाताला वळण सापडलं. खोड, लिही, सरकव. खोड, लिही, सरकव. उषाबाईंना रंग चढला. हात आता वाचायचं थांबला होता, नुसता चालत होता.

एका पत्रिकेवर त्यांनी खालची नावं बदलली आणि त्याच झोकात पेन वर नेऊन यजमानाच्या ओळीतल्या कौतिकवरही टेकवलं.

कौतिकबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

“उषाबाय,” त्या म्हणाल्या, “कोणती कौतिक, हाई पहिले इचार.”