गुडघ्यांच्या मशीनवर जॅझ

आमच्या सोसायटीत घरात वाद्य वाजवायला बंदी आहे. बी विंगमधले एक गृहस्थ निवृत्त झाल्यावर त्यांनी सॅक्सोफोन घेतला आणि वर्षभर त्यावर एकाच गाण्याचं एकच कडवं वाजवलं, तेही अर्धं. शेवटी जनरल बॉडीत ठराव आला. बाजूने हात वर करणाऱ्यांत मी होते, आणि शेजारी बसलेल्या माझ्या सासूबाईंनी तर दोन्ही हात वर केले होते. त्यानंतर काही महिन्यांतच मी शांती नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये व्हायब्राफोन आणला.

त्याचं असं झालं. ऑफिसचं वार्षिक जेवण वरसाव्याला, पुलाजवळच्या एका हॉटेलात होतं. तिथे कोपऱ्यात चार म्हातारे जुनी अमेरिकन गाणी वाजवत होते. जेवणारे लोक त्यांच्याकडे पंख्याकडे बघावं तितपतच बघत होते. त्यांतले एक जण, डोक्यावर तपकिरी हॅट, एका टेबलाएवढ्या वाद्यापुढे उभे होते. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, खाली नळ्यांची रांग, हातात लोकर गुंडाळलेल्या काठ्या. त्या पट्ट्यांतून थंड पाण्यासारखा आवाज यायचा आणि हवेत थरथरत राहायचा. मी गुलाबजामची वाटी घेऊन तिथे गेले ती गुलाबजाम संपले तरी हलले नाही.

लहानपणी मी हार्मोनियम शिकले होते, त्या भांडवलावर त्यांना म्हणाले, “अंकल, हे कठीण असतं का?”

“वाजवायला सोपं आहे,” ते म्हणाले, “ठेवायला कठीण. हॉटेलवाले हे ठेवून घेतात. पण माझं जुनं एक घरी आहे. इंद्रलोकला मुलीकडे राहतो मी. ती बोलते, पपा, घरात एक तर ते राहील नाहीतर तुम्ही. तुझ्याकडे जागा आहे?”

मी हो म्हटलं. जागा नव्हती.

टेम्पो आला तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी नेमके गेटवर उभे होते. नळ्या, लोखंडी सांगाडा, चादरीत गुंडाळलेल्या पट्ट्या, सगळं त्यांनी निरखून पाहिलं. “वहिनी, हे काय आणलंत?”

मी तोंड उघडलं, पण त्यातून काही बाहेर पडायच्या आत मागून आवाज आला. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, खाली उतरल्या होत्या. “माझ्या गुडघ्यांचं मशीन आहे.”

“एवढं मोठं, काकी?”

“गुडघे दोन आहेत.”

सेक्रेटरींनी नळ्यांत डोकावून पाहिलं. “आवाज येतो का याचा?”

“व्हायब्रेशन थेरपी आहे,” मी म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं. निदान निम्मं तरी नव्हतं. “थोडा येतो.”

संध्याकाळी नवरा घरी आला. हॉलमध्ये व्हायब्राफोन बघितला, बाल्कनीत गेलेला सोफा बघितला आणि “चहा आहे का?” एवढंच विचारलं. त्याचं माझ्यावर प्रेम आहे असं मला त्या दिवशी पहिल्यांदा खात्रीने वाटलं.

अंकल दर गुरुवारी दुपारी शिकवायला येऊ लागले. त्या दिवशी मला सुट्टी असते. पहिलं गाणं त्यांनीच निवडलं, एक जुनं, जरा रडकं आणि जरा नखरेल. त्याची चाल मी लवकर बसवली. खालच्या पायपट्टीचंही जमलं, दाबली की आवाज लांबतो, सोडली की तुटतो. नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर चकत्या फिरतात, त्यांनी आवाज थरथरतो. त्या मोटरचं बटण आईंनी पहिल्याच दिवशी ताब्यात घेतलं. “एवढं तरी माझ्या मशीनचं मला करू दे,” त्या म्हणाल्या.

घोडं अडलं पुढे. जॅझमध्ये चाल एकदा वाजवून झाली की ती मनात चालू ठेवायची आणि वर आपलं काहीतरी रचायचं, तिथल्या तिथे, आणि बरोबर वेळेला परत चालीवर यायचं. अंकल मोबाइलवर नुसता बास आणि ड्रम लावायचे आणि म्हणायचे, “हां, आता तुझं.” माझं काही नसायचंच. मी घाबरून सरगम वर न्यायची आणि खाली आणायची.

“बाय, ही लिफ्ट आहे काय?” अंकल म्हणाले. “वर गेली, खाली आली. मधे कुठल्या तरी मजल्यावर उतर ना!”

मी उतरायला गेले की दार भलत्याच मजल्यावर उघडायचं. एकदा त्यांनी हॅट काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, “त्या सेक्रेटरीला कसं फसवलं तुम्ही? सांग परत.”

मी सांगितलं. ते हसले नाहीत. “बघ. आधी एक खरं वाक्य बोलली. मग त्यात थोडं मिसळलं. मग गप्प बसली, त्याचं तोंड बघितलं, आणि पुढचं त्यावर ठरवलं. हेच करायचं आहे. थापच मारायची, पण घर सोडून लांब जायचं नाही. तुला येत नसेल तर आईंकडे शीक.”

आई दाराआडून म्हणाल्या, “काय गो, एवढी वर्षं शिकवतेय, तरी तुला येत नाही.”

खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेन एका दुपारी वर आल्या तेव्हा मला वाटलं, तक्रार आली. त्या म्हणाल्या, “भाभी, सुना है आंटी के लिए घुटने का मशीन आया है? मेरा भी बहुत दुखता है.”

मी आईंकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या काहीतरी सांगून टाळतील. त्यांनी खुर्ची ओढली. “इधर बैठो. पांव नळी के पास रखो. आँख बंद. बोलने का नहीं.” मग माझ्याकडे वळून, डॉक्टरीणबाईंच्या थाटात, “एक नंबर लाव.”

एक नंबर म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मी ते रडकं गाणं हळू वाजवलं. आईंनी मोटर मंद ठेवली. बेन डोळे मिटून बसल्या, चाल संपली, मी पुन्हा तीच वाजवली, तर बेनने एक डोळा उघडला. “ये तो हो गया ना? दूसरा लगाओ.”

आईंनी बटण फिरवलं. “दो नंबर,” त्या गंभीरपणे म्हणाल्या.

आता दोन नंबर मी आणायचा कुठून? चाल सोडून मी तिच्या आसपास फिरू लागले. एक सूर आधी, एक उशिरा, मधलाच एक गाळून. बेनचा डोळा परत मिटला. जाताना त्या चार पायऱ्या कठडा न धरता उतरल्या आणि त्याचं श्रेय माझ्या दोन नंबरला देऊन गेल्या. मी आईंना म्हणाले, “हे बरं नाही. डॉक्टरकडे जायचं सोडतील त्या.” आई लगेच जिन्यात गेल्या आणि वरून ओरडल्या, “डॉक्टर की गोली चालू रखने का! उसके बिना मशीन काम नहीं करता!”

त्यानंतर बेन नेमाने यायला लागल्या. त्यांच्यापुढे तेच तेच चालायचं नाही. अंकल माझ्या चुका सोडून द्यायचे, बेन सोडत नसत. “आज वो पिछले टाइम जैसा मज़ा नहीं आया,” असं सरळ तोंडावर सांगायच्या. मी ऑफिसात, बसमध्ये, भाजी चिरताना मनात तीच चाल फिरवत राहायचे, की आज बेनना नवीन काय द्यायचं.

आणि एकदा बेन बोलल्या. आईंचा नियम मोडून, डोळे मिटल्या मिटल्या, स्वतःच्या सुनेबद्दल. सून फ्रीजमध्ये काय ठेवते, काय ठेवत नाही, सकाळी किती वाजता उठते. प्रत्येक हकिगतीच्या शेवटी त्या म्हणत, “पण मैंने कुछ नहीं बोला.” मग श्वास घ्यायला थांबत. मोबाइलवर बास चालू होता. त्या थांबल्या की माझे हात आपोआप काहीतरी म्हणत, छोटंसं, दोन-तीन सुरांचं. त्या बोलायला लागल्या की मी पायपट्टी सोडून आवाज तोडायची. बेनचा राग वाढला तसे माझे सूर वर गेले. त्या म्हणाल्या, “कुछ नहीं बोला!” आणि मी त्याच ठेक्यात तेच तीन वेळा वाजवलं, तिसऱ्यांदा शेवट वाकडा करून. बेन हसल्या. नेमकी त्याच वेळी चाल फिरून सुरुवातीला आली आणि मीही तिथेच होते, कुणी हाताला धरून आणल्यासारखी. मला पाणी प्यावंसं वाटलं.

बेन गेल्यावर आई म्हणाल्या, “आज बरं होतं. आज तू मधेमधे गप्प बसत होतीस.”

अशात सेक्रेटरी आले. गुरुवारच होता. एक हात दुसऱ्या हाताने धरलेला. “खांदा जाम झालाय, वहिनी. बेन म्हणाल्या, बघा दाखवून.” पण डोळे खांद्यावर नव्हते, पट्ट्यांवर होते. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि हॅट घातलेले अंकल आत आले.

“हे डॉक्टर,” आई म्हणाल्या.

अंकलनी आयुष्यभर हॉटेलांत काम केलं होतं, ते गडबडले नाहीत. “किती दिवस झाले?” त्यांनी विचारलं, खांदा एका बोटाने दाबला, “हं,” म्हणाले आणि सेक्रेटरींना खुर्चीत बसवलं. मग बॅगेतून काठ्या काढल्या आणि मला खूण केली. ते वरच्या सुरांना, मी खालच्या सुरांना, एकाच वाद्यावर दोघं. चार मात्रांची चार आवर्तनं त्यांनी वाजवायची, तेवढीच मी. ते काहीतरी विचारायचे, मी उलट उत्तर द्यायची. त्यांनी एकदा मला खोट्या वळणावर नेऊन सोडून दिलं, मी तिथूनच त्यांना चिमटा काढला. ते मोठ्याने हसले. माझ्या डोक्यात त्या वेळी सेक्रेटरीही नव्हते आणि ठरावही नव्हता. शेवटचा सूर आम्ही एकत्र दाबून धरला, तो विरत गेला, आणि आई टाळ्या वाजवू लागल्या. “वा! काय वाजवलंस गो!”

सेक्रेटरींनी डोळे उघडले.

“काकी,” ते म्हणाले, “मशीनला टाळ्या?”

आईंनी वाकून मोटरचं बटण बंद केलं. मी अंकलकडे बघितलं, अंकलनी हातातल्या काठ्यांकडे. सेक्रेटरी उठले, दुखरा हात हळूच वर करून पाहिला, कानापर्यंत गेला तेवढा नेला आणि म्हणाले, “ठराव वाद्यांबद्दल आहे. वैद्यकीय उपकरणांबद्दल नाही. उपचार दुपारीच करायचे, दोन ते चार सोडून. आणि बी विंगमध्ये कुणाला कळता कामा नये.” दारात थांबून त्यांनी विचारलं, “पुढच्या गुरुवारी किती वाजता?”

पुढे पावसाळ्यानंतर अंकलनी मला वरसाव्याच्या हॉटेलात एका रविवारी दुपारी उभं केलं. म्हणाले, एक गाणं तुझं. मी नवी साडी नेसून गेले, पदर काठ्यांत अडकायचा म्हणून कमरेला खोचला. चाल झाली, माझी पाळी आली, मी पहिलं वाक्य टाकलं, आणि तेवढ्यात मोठ्या टेबलावर केक आला. वीस-पंचवीस माणसांचं कुटुंब, मधे ऐंशीच्या पुढचे एक आजोबा. मॅनेजर धावत आला, “मॅडम, बर्थडे, बर्थडे!”

मी अंकलकडे बघितलं. ते खांदे उडवून म्हणाले, “गाणं ते गाणं.”

मग मी वाढदिवसाचं गाणं घेतलं. एकदा सरळ वाजवलं, सगळे गायले, आजोबांनी सुरी उचलली. पण मला तर आत्ता कुठे बोलायला मिळालं होतं. मी पुढे गेले. बासवाले म्हातारे खूश होऊन मागून आले, ड्रमवाले जागे झाले. मी एका सुरावरून घसरले, ती घसरण मला आवडली, म्हणून मुद्दाम परत घसरले. टेबलावरच्या एका बाईने टाळ्या धरल्या. मेणबत्त्या वितळून क्रीममध्ये उतरल्या. सुरी केकच्या वर तशीच.

दुसऱ्या फेरीच्या शेवटी आजोबा माझ्याकडे वळले. कंटाळले नव्हते, उलट मान डोलावत होते, पण भूक लागली असावी.

“बाळ,” त्यांनी विचारलं, “आता कापू का?”

“आलेच, आजोबा,” मी म्हणाले, आणि आणखी एक फेरी घेतली.