चुलीपाशी बसलेली बायाबाई

बंदिशी रचाव्यात भिकाजीबुवांनीच. लिहून ठेवायचं मात्र त्यांना कधी सुचलं नाही. बायाबाई त्यांच्या अंगणात मासोळ्या साफ करता करता ऐकायची. दुसऱ्या दिवशी बुवा तिलाच विचारायचे, "काल मी काय गायलो वं, बाई?" ती जसंच्या तसं गाऊन दाखवायची.

बुवा गेले. १९८२ साली लाखांदूरला त्यांच्या बंदिशींचा शनिवार-रविवार महोत्सव भरला. समितीनं बायाबाईचा यथायोग्य मान राखला: तिला चहाच्या चुलीपाशी बसवलं.

समितीवाल्यांच्या एकमेकांना सोळा शाली घालून झाल्यावर गाणं सुरू झालं आणि नागपूरचे गवई अंतऱ्यात अडले. चुलीपाशी बसूनच बायाबाईनं तो गाऊन पुरा केला.

अध्यक्ष माइकवर कडाडले, "कोण आहे ते? बुवांचं गाणं बिघडवू नका!"

"मंग बुवा मले रोज कायले पुसत होते?"

उत्तरादाखल तिच्यापुढे धुवायला चाळीस उष्टे कप आले.