कढईवरची परात

आमच्या बंबकाकांनी अग्निशमन दलात आयुष्य काढलं, पण घरात तळणीची कढई कधी चढू दिली नाही. काकू म्हणायच्या, "आगीत उड्या मारतात आणि कढईला घाबरतात!"

वस्तीच्या मेळ्यात मीच त्यांना ओढून नेलं. पिठाचे गोड गोळे तळणाऱ्या मावशींच्या कढईने अचानक पेट घेतला. त्यांच्या नवऱ्याने पाण्याची बादली उचलली.

"पाणी नको! भडका उडेल!" काका किंचाळले. त्यांनी गॅस बंद करून कढईवर परात झाकली. जाळ विझला.

मावशी परात उचलायला गेल्या, तर काकांनी त्यांचं मनगट धरलं. "आत्ता नाही. हवा लागली की पुन्हा पेटेल."

मावशींनी आधीच तळून ठेवलेला एक गोळा दुसऱ्या हाताने त्यांना भरवला.

"इतका गोड असतो?" काका पुटपुटले. मनगट त्यांनी सोडलं नाही.