गंगाअक्काला विचारून

मोटार चालू करायच्या आधी गंगाअक्का चहा प्यायची. दारात गल्लीतल्या बाया घागरी घेऊन उभ्या, लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि ही बाई ओसरीवर बशीत चहा ओतून फुंकर घालतेय! कुणी घाई केली की म्हणायची, "पाणी सगळ्यांचं हाय गं. बटन माझ्याकडं हाय."

कंधारच्या आमच्या गल्लीला एकच बोअर. ते तिच्या घराला लागून, म्हणून मोटारीचा स्टार्टर तिच्या ओसरीच्या भिंतीवर बसवला. एवढंच काय ते कारण. पण त्या दिवसापासून ही गुडघ्यानं अधू, नवरा गेलेली बाई आमची कलेक्टर झाली. बाळंतिणीच्या घरचं आधी, एकट्या म्हातारीचं मग, आणि जिनं "अक्का, भरू का?" असं विचारलं नाही तिचं सगळ्यात शेवटी. मी शेजारीण, पण मलाही सूट नाही. हंडा नुसता पुढं सरकवला की मोटार बंद. "मुकी झालीस का? इचार की!"

एकदा आमच्या नगरसेवकाच्या घरी लग्न निघालं. त्याची माणसं टँकर घेऊन आली आणि थेट पाइप जोडायला लागली. अक्कानं बटन बंद केलं आणि दारात पाट टाकून बसली. शेवटी तो स्वतः आला.

"अक्का, लग्नघर हाय. पाव्हणे खोळंबलेत."

"मग इचारायचं होतं. ह्या बाया सकाळधरून उभ्या हायत. ह्यांचं झालं की ने."

"अवं, हे बोअर मी मंजूर करून आणलं!"

"आणलं असशील. बटन माझ्या भिंतीवर हाय."

आम्ही पदराआड हसलो खऱ्या, पण आठवड्याच्या आत स्टार्टर रस्त्यावरच्या खांबावर गेला. मग काय, ज्याच्या अंगात जोर त्याचं पाणी. अक्का मात्र सकाळी ओसरीवर येऊन बसायचीच. बाया तिच्यासमोरून घागरी घेऊन जायच्या, कुणी मान वर करून बघायचं नाही. तिचं जेवणावरचं मन उडालं.

मी समजूत घालायला गेले. म्हटलं, "अक्का, बरं झालं की. कटकट गेली. ह्या वयात सत्ता कशाला पायजे?"

ती म्हणाली, "सत्ता म्हन, खुशाल म्हन. माझं लगीन ठरलं, मला इचारलं न्हाई. वावर इकलं, इचारलं न्हाई. लेकानं लातूरला घर घेतलं, ते मला दुसऱ्याच्या तोंडून कळलं. त्या बटनापायी रोज बाया म्हनायच्या, अक्का, भरू का? तुला त्यात नुसतं पाणी दिसलं व्हय?"

शिकलेली माणसं सत्तेच्या हव्यासावर लई मोठं मोठं बोलतात. मी शाळेत गेले नाही, अक्षरं माझी मीच जुळवली. पण त्या दिवशी तिच्याजवळ बसून वाटलं, ही भूक पोटाच्या भुकेइतकीच खरी असणार.

पुढं तिच्या पोटात दुखायला लागलं. लेकानं नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेलं, सोबतीला मी होते. डॉक्टर दाराशी उभे राहून लेकाशी बोलत होते. ऑपरेशन करायचं, पण या वयात धोका आहे. लेक म्हणाला, "करून टाका."

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. "ओ डॉक्टरसायब! पोट कुनाचं हाय?"

डॉक्टर भले माणूस. वळले, स्टूल ओढून तिच्या उशाशी बसले. "चुकलं आजी. तुम्ही सांगा. केलं तर धोका आहे, नाही केलं तर फार दिवस नाहीत. काय करायचं?"

अक्कानं डोळे मिटले. लेक मधेच बोलायला लागला, तर डॉक्टरांनी त्याला हातानंच थांबवलं.

"न्हाई करायचं," ती म्हणाली. "मला कंधारला न्या."

त्यानंतर महिनाभरच राहिली, गेली ती आपल्या घरात. पण मला ती आठवते दवाखान्यातून निघतानाची. लेकानं गाडी दाराशी आणली, जरा घुटमळला आणि म्हणाला, "माय, पुढं बसतीस का मागं?"

अक्कानं त्याच्याकडं नीट बघून घेतलं. म्हणाली, "पुढं."