तिसऱ्या पियानोवरची चिठ्ठी

माझ्या वडिलांचा कान तयार आहे, हे लहानपणापासून मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की मला त्या कानाचाच राग येतो. नांदेडात त्यांचं पेटी दुरुस्तीचं दुकान आहे. भजनी मंडळवाले, कव्वाल, शाळा, सगळ्यांच्या पेट्या त्यांच्याकडे. एका शाळेचा जुना पियानोही तेच लावतात, त्यामुळे पियानोतलंही आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज आहे. मी जे करते त्याला मात्र ते 'आवाज' म्हणतात, संगीत नव्हे.

लातूरच्या एका छोट्या रेडिओ केंद्रानं तीन पियानोंसाठीची माझी रचना थेट प्रक्षेपित करायचं कबूल केलं. मी अण्णांना म्हटलं, घरी बसून मोबाइलवर ऐका. त्यांनी एकदा नीट ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती. ते ऐकतील तर ना! बसमध्ये माझ्या आधी जाऊन बसले. "टेम्पोत पियानोंना लई दणके बसत्यात, बघावं लागंल," म्हणाले.

रचना म्हणजे तिघांनी वीस मिनिटं एकच सूर वाजवायचा. तिसऱ्या पियानोवरचा तो सूर मी मुद्दाम केसभर खाली आणला होता. तिन्ही एकदम वाजले की हवेत एक थरथर उठायची, कधी संथ, कधी दाट. ती थरथर हीच माझी रचना. तिच्यासाठी मी चार वर्षं घासली होती. कुणी हात लावू नये म्हणून त्या पियानोवर चिठ्ठी चिकटवली, 'हा सूर उतरलेला आहे', आणि आम्ही तिघं वाजवणारे जेवायला गेलो. अण्णा म्हणाले, मला भूक न्हाई.

दुपारी लाल दिवा लागला. आम्ही सूर दाबला. थरथर नाही. पुन्हा दाबला. काचेसारखा स्वच्छ, सपाट सूर. थेट प्रक्षेपण, थांबता येईना. पुढची वीस मिनिटं आम्ही तिघं हातोडा मारल्यासारखे तोच सूर बडवत बसलो. उदगीरहून एका श्रोत्याचा फोन आला, तुमचं मशीन अडकलंय का?

बाहेर अण्णा खुशीत बसले होते. "तिन्ही एका सुरात आले बघ. जरा म्हणून फरक न्हाई."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तूच की. चिठ्ठी लावली व्हती. उतरलाय म्हणून. मग तसाच ठिवू?"

मी रेडिओ केंद्रावरच्या सगळ्यांसमोर त्यांना नको नको ते बोलले. त्यांना अजूनही कळलेलं नाही त्यांचं काय चुकलं. मी समजावलंही नाही.

गेल्या महिन्यात दुकानात गेले होते, माझी एक वही न्यायला. झालेल्या कामांच्या चिठ्ठ्या ते भिंतीवरच्या खिळ्याला टोचून ठेवतात. 'सूर उतरलाय', 'सूर उतरला आहे', सगळी गिऱ्हाइकं हेच लिहितात. त्यांत माझी होती. खाली अण्णांच्या अक्षरात 'लावला', आणि गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी 'घरचं'.

मी वही घेतली आणि निघाले. माझा राग अजून उतरलेला नाही.